श्रीसाईबाबांची अज्ञात वर्षे

आज विजयादशमी. नवरात्रीचे घट उठले, शस्त्रांची आणि पोथ्यांची पूजा झाली, आणि सायंकाळी वेस ओलांडून सीमोल्लंघनास जाण्याची लगबग घराघरांतून सुरू झाली. आपट्याची पाने हाती ठेवून वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याचा हा दिवस. याच तिथीस, १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, मंगळवारी दुपारी शिर्डी येथे श्रीसाईबाबांनी आपला देह ठेवला. म्हणून साईभक्तांच्या घरी दसऱ्याच्या आनंदात पुण्यतिथीचे गांभीर्यही मिसळलेले असते.

ज्या महापुरुषाच्या देहत्यागाची तिथी, वार आणि प्रहर आपणांस ठाऊक आहे, त्याच्या जन्माविषयी मात्र काहीच निश्चित सांगता येत नाही. गाव कोणते, कूळ कोणते, आईबापांनी ठेवलेले नाव काय, बालपण कोठे गेले, गुरू कोण, या साऱ्या प्रश्नांपुढे चरित्रकारांची लेखणी थांबते. शिर्डीत पाऊल पडण्यापूर्वीची ही वर्षे अज्ञात आहेत आणि त्यांविषयी नाना मते प्रचलित आहेत. आजच्या पुण्यदिनी त्या मतांचा आदराने परामर्श घ्यावा, असे आम्ही योजिले आहे.

यात आमचा थोडा स्वार्थही आहे, तो आधीच सांगून टाकणे बरे. आम्ही चुडाव्याचे. परभणी जिल्ह्याच्या पूर्वेकडील, नांदेडच्या वाटेवरील हे रेल्वेचे गाव. येथून शिर्डीस निघालेला भाविक मनमाडच्या गाडीत बसला की पूर्णा आणि परभणी मागे टाकून मानवत रोडला येतो. पाथरीला जाणारे तेथे उतरतात. गाडी पुढे निघाली की सेलू लागते. बाबांच्या अज्ञात वर्षांशी ज्या गावांची नावे जोडली जातात, त्यांतील ही दोन प्रमुख गावे आमच्याच जिल्ह्यातील. बाबा आपल्या मातीतले असावेत, असे आम्हांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वाटणे वेगळे आणि ठरणे वेगळे, याचे भान या विषयात सुटता कामा नये.

कडुनिंबाखालचा बालफकीर

श्रीसाईसच्चरिताचे कर्ते गोविंद रघुनाथ दाभोलकर, ज्यांना बाबांनी हेमाडपंत हे नाव दिले, ते १९१० साली प्रथम शिर्डीस गेले. बाबांचा सहवास त्यांना सुमारे आठ वर्षे लाभला. तरीही जन्म आणि मातापिता यांविषयी कोणासच ठाऊक नाही, असे त्यांनी निःसंकोचपणे नमूद केले. त्या जागी त्यांनी नामदेव आणि कबीर यांच्या जन्मकथांचे स्मरण केले. नामदेव भीमरथीच्या प्रवाहात गोणाईस सापडले आणि कबीर भागीरथीत तमालास, या कथा भाविकांस परिचित आहेत. नामदेवांचे नरसी हे गाव १९९९ पर्यंत आमच्याच परभणी जिल्ह्यात होते. आता ते हिंगोली जिल्ह्यात आहे.

सच्चरितातील वर्णन असे, की सोळा वर्षांचा एक तेजस्वी तरुण शिर्डीत कडुनिंबाच्या झाडाखाली ध्यानस्थ बसलेला लोकांस दिसला. ऊन, पाऊस, थंडी यांची त्यास पर्वा नव्हती. दिवसा तो कोणाची संगत धरीत नसे आणि रात्री कोणाचे भय बाळगीत नसे. हा कोण, कोठला, हे गावास कळेना. एके दिवशी एकाच्या अंगात खंडोबाचा संचार झाला, तेव्हा लोकांनी देवालाच विचारले. देवाने कूळ सांगितले नाही, गाव सांगितले नाही. कुदळ आणून निंबाखालची जमीन खणावयास सांगितले. खणल्यावर विटांखाली भुयार दिसले आणि त्यात समया तेवत होत्या. ते आपल्या गुरूचे स्थान असल्याचे त्या तरुणाने सांगितले आणि भुयार पूर्ववत बुजविण्याची विनंती केली. आज शिर्डीत गुरुस्थान म्हणून जे वंदिले जाते, ते हेच.

पुढे हा तरुण एकाएकी दिसेनासा झाला. काही काळानंतर निजामाच्या राज्यातील धूपखेड्याचे चाँद पाटील यांना आपली हरवलेली घोडी शोधताना आंब्याच्या झाडाखाली एक फकीर भेटला. घोडी त्याच्या सांगण्यावरून सापडली, आणि पाटलांनी त्यास घरी नेले. पाटलांच्या नात्यातील लग्नाचे वऱ्हाड शिर्डीस निघाले, त्याबरोबर हा फकीरही आला. खंडोबाच्या देवळाजवळ वऱ्हाड उतरले, तेव्हा तेथील पुजारी म्हाळसापती सोनार यांनी त्यास साई म्हणून हाक मारून स्वागत केले. हेच नाव पुढे जगन्मान्य झाले. हे पुनरागमन काही चरित्रकार १८५८ च्या सुमाराचे मानतात, तर काही त्यानंतर दहा वर्षांनी किंवा त्याहूनही पुढे. म्हणजे अज्ञात वर्षे नेमकी किती, हेही निर्विवाद नाही. इतके मात्र खरे, की निजामाच्या मुलखातून इंग्रजी अंमलाच्या अहमदनगर जिल्ह्यात आलेला हा फकीर एक सीमा ओलांडूनच शिर्डीत आला होता.

रिकाम्या पानावरचे लेखन

महापुरुषाच्या चरित्रात एखादे पान कोरे राहिले, की जग ते भरावयास धावते. येशू ख्रिस्ताचेच उदाहरण पाहावे. लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात पंडितांशी संवाद करताना दिसतो आणि नंतर एकदम तिशीच्या घरात पोहोचलेला येशू समोर येतो. मधल्या सुमारे अठरा वर्षांचा वृत्तान्त नाही. निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाने १८९४ साली ग्रंथ प्रसिद्ध करून, ही वर्षे येशूने भारतात काढल्याचा लेख लडाखच्या हेमिस मठात आपणांस मिळाल्याचे सांगितले. पुढल्याच वर्षी आग्र्याच्या महाविद्यालयातील डग्लस नावाचे प्राध्यापक त्या मठात गेले, तेव्हा मठाधिपतींनी असा कोणताही लेख असल्याचे साफ नाकारले. तरीही ती कल्पना मावळली नाही. आपल्या मराठीतही बाबाराव सावरकरांनी ख्रिस्तपरिचय हा ग्रंथ लिहून येशू मूळचा हिंदू असल्याचा पक्ष मांडला. इतिहासाच्या अभ्यासकांनी ही मते स्वीकारलेली नाहीत. यावरून एक गोष्ट ध्यानात येते, की जो तो त्या कोऱ्या पानावर आपापल्या देशाचे आणि धर्माचे नाव लिहू पाहतो. साईबाबांच्या बाबतीत आपण याहून वेगळे वागलो काय, हे आता पाहावयाचे.

पाथरी, सेलू आणि नांदेड

पहिले आणि सर्वांत प्रसिद्ध मत पाथरीचे. बाबांचे चरित्रकार बी. व्ही. नरसिंहस्वामी यांनी नोंदविले आहे, की आपण पाथरीच्या ब्राह्मण घरातील असून लहानपणीच एका फकिराच्या स्वाधीन केले गेलो, असे बाबांनी म्हाळसापतींना एकदा सांगितले. पाथरीकडील काही मंडळी आली असता तेथील माणसांची नावे घेऊन त्यांनी विचारपूसही केली. म्हाळसापती हे बाबांच्या अगदी जवळचे. मशिदीत रात्री बाबांच्या शेजारी निजणारे आणि १८८६ साली बाबांचा देह तीन दिवस निश्चेष्ट असताना त्यांचे मस्तक मांडीवर घेऊन बसणारे. त्यांच्या शब्दास मोल आहेच. परंतु म्हाळसापती १९२२ साली निवर्तले आणि नरसिंहस्वामी शिर्डीत आले ते १९३६ साली, ही गोष्टही विसरता येत नाही.

या धाग्यावरून विश्वास बा. खेर हे अभ्यासक १९७५ साली पाथरीस गेले. तेथील जुन्या ब्राह्मण घरांची त्यांनी चौकशी केली. भुसारी घराण्याचे कुलदैवत मारुती, आणि त्या घरातील एक मुलगा पूर्वी घर सोडून गेला तो परत आला नाही, अशी कुटुंबातील आठवण, यांवरून बाबा हे याच घराण्यातील असावेत, असा तर्क त्यांनी मांडला. त्या घराच्या जागी आज बाबांचे मंदिर उभे आहे आणि दूरदूरचे भाविक तेथे येतात. पाथरीच्या मातीत अशा कथेला पूर्वपीठिकाही आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळपुरुष पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्णी घराण्यातील होते, असे फेरिश्त्याचा इतिहास सांगतो. धर्मांच्या सीमेवरील येणेजाणे या गावास शतकानुशतके परिचित होते. तथापि तर्क कितीही सुसंगत असला तरी तो तर्कच. चार पिढ्यांनंतरची आठवण म्हणजे समकालीन कागद नव्हे.

दुसरे मत सेलूचे. संतचरित्रकार दासगणू महाराजांनी बाबांचे गुरू म्हणून सेलूच्या गोपाळराव देशमुखांची कथा गाइली. गोपाळराव तिरुपतीच्या व्यंकटेशाचे परमभक्त. म्हणून बाबा ज्या व्यंकुशाचे नाव घेत, ते हेच, असा दासगणूंचा अभिप्राय. गुरूने शिष्यावर सोपविलेली सेवा, इतरांचा मत्सर, फेकून मारलेली वीट आणि गुरूने ती स्वतःच्या मस्तकावर घेणे, ही कथा ऐकताना आजही श्रोत्यांचे डोळे पाणावतात. बाबा जी वीट उशाशी घेत, तिचे नाते भाविक या प्रसंगाशी जोडतात. परंतु गोपाळरावांचा काळ बाबांच्या पुष्कळ आधीचा पडतो, असे खेरांसारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. भक्तीच्या दृष्टीने कथा गोड आहे. कालगणनेच्या दृष्टीने ती अडते.

तिसरे मत सूफी परंपरेचे. १८८९ साली नांदेडहून अब्दुल नावाचा तरुण शिर्डीस आला आणि बाबांच्या सेवेत राहिला. मशिदीत दिवे लावावेत, झाडलोट करावी, पाणी भरावे आणि बाबांसमोर बसून कुराण वाचावे, हा त्याचा नेम. त्याने उर्दूत ठेवलेल्या वहीचा आधार घेऊन मॅरियन वॉरन या विदुषीने १९९९ साली ग्रंथ लिहिला आणि बाबांची साधना दख्खनच्या सूफी फकिरांच्या वळणाची होती, असे प्रतिपादन केले. त्यांची कफनी, मशिदीतील वास, अल्लाचे नामस्मरण यांचा उलगडा या मताने होतो; परंतु अखंड धुनी, तुळशीवृंदावन, आरती आणि टाळघंटा यांचा उलगडा पुरता होत नाही. याखेरीज १८५७ च्या उठावाशी बाबांचे नाते जोडणारीही मते आहेत. ती बहुधा ऐकीव गोष्टींवर उभी आहेत.

हक्काचा वाद

हा वाद पोथ्यांपुरता राहिला असता तर चिंता नव्हती. १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डी येथे समाधी शताब्दी सोहळ्याच्या प्रसंगी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी पाथरीचा जन्मस्थान म्हणून उल्लेख केला, तेव्हा शिर्डीकर नाराज झाले. जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपयांची घोषणा केली, तेव्हा १९ जानेवारीस शिर्डीत बंद पाळण्यात आला. समाधी मंदिर उघडे होते. बाजारपेठ मात्र मिटलेली होती. इकडे पाथरीकरांनीही आपला हक्क सांगितला. पाच घरी भिक्षा मागून उदरनिर्वाह करणाऱ्या एका फकिराच्या नावावर दोन गावे अशी एकमेकांसमोर उभी राहिलेली पाहून आम्हांस, परभणी जिल्ह्याचे असूनही, आनंद झाला नाही. पाथरीचे रस्ते व्हावेत, भाविकांची सोय व्हावी, हे योग्यच आहे. परंतु बाबांचे जन्मस्थान हे सात-बाऱ्यावरील नावासारखे कोणाच्या मालकीचे नसते.

बाबांनी स्वतः काय सांगितले

अशा वेळी ज्यांचे चरित्र त्यांनाच विचारावे. तसे एकदा खरोखरीच विचारले गेले होते. दागिन्यांच्या चोरीच्या एका खटल्यात बाबांची साक्ष आवश्यक ठरली आणि न्यायालयाने नेमलेले अधिकारी शिर्डीस आले. नाव विचारता बाबांनी साईबाबा सांगितले, आणि वडिलांचे नावही तेच सांगितले. गुरूचे नाव व्यंकुशा, पंथ कबीराचा, आणि जात परवरदिगार, म्हणजे जगाचा पालनकर्ता परमेश्वर. वय विचारले तेव्हा लाखो वर्षे. कायद्याच्या रकान्यांना जे हवे होते त्यातले काहीच मिळाले नाही. आणि तरीही उत्तर अपुरे नव्हते. देहाची ओळख विचारणाऱ्यास बाबांनी आत्म्याची ओळख सांगितली, असे आम्ही समजतो.

दुसरा प्रसंग राधाबाई देशमुख यांचा. गुरुमंत्र मिळावा म्हणून त्या वृद्ध बाईंनी अन्नत्याग केला होता. बाबांनी त्यांना जवळ बोलावून मातेप्रमाणे संबोधिले आणि आपल्याच साधनाकाळाची हकिकत सांगितली. आपण बारा वर्षे गुरूची सेवा केली, गुरूने कानात मंत्र दिला नाही, धनाची अपेक्षा केली नाही. दक्षिणा म्हणून केवळ दोन पैसे मागितले. त्यांतील एक पैसा निष्ठेचा आणि दुसरा सबुरीचा. कासवी जशी पैलतीरावरून नुसत्या दृष्टीने पिलांचे पोषण करते, तशी गुरूची कृपादृष्टी होती. हे ऐकून बाईंनी उपोषण सोडले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. अज्ञात वर्षांपैकी बारा वर्षांचा हिशेब बाबांनी स्वमुखाने दिला, तो हा. त्यात गावाचे नाव नाही, घराचा पत्ता नाही. मात्र त्या काळात जे कमावले, ते त्यांनी उघड केले. जे आपल्या उपयोगाचे, ते सांगितले. जे केवळ कुतूहलाचे, ते झाकून ठेवले. निंबाखालचे भुयार बुजविणारा तो तरुण वृद्धपणीही तेच करीत होता. आत दिवा आहे हे दाखवावे, आणि जमीन पुन्हा सारखी करावी.

अखेरच्या दोन विजयादशमी

ही अज्ञात वर्षे सोडली तर बाबांचे उर्वरित आयुष्य शिर्डीकरांच्या डोळ्यांदेखत गेले. पडक्या मशिदीस त्यांनी द्वारकामाई म्हटले. वाण्यांनी तेल नाकारले तेव्हा पाण्याने पणत्या लावल्याची कथा घरोघरी सांगितली जाते. पटकीच्या साथीत जात्यावर गहू दळून ते पीठ गावाच्या शिवेवर टाकविले. कुष्ठरोगी भागोजी शिंद्यांकडून सेवा घेतली. उरुसाबरोबर रामनवमीचा उत्सव होऊ दिला आणि संदलाच्या मिरवणुकीसही तितकाच मान दिला. नांदेडचे पारशी गृहस्थ रतनजी वाडिया दर्शनास आले, तेव्हा तीन रुपये चौदा आणे आपणांस पूर्वीच पोहोचल्याचे बाबांनी सांगितले. नांदेडला रतनजींनी मौलीसाहेब नावाच्या सत्पुरुषाचा जो सत्कार केला, त्याचा खर्च नेमका तेवढाच निघाला. एका संतास दिलेले दुसऱ्या संतास पोहोचते, ही त्या कथेची शिकवण.

आता १९१६ सालच्या दसऱ्याची गोष्ट. सायंकाळी गावकरी सीमोल्लंघनाहून परतत होते. बाबा एकाएकी कोपायमान झाले. डोक्याचे फडके, कफनी, लंगोट, सारे फाडून त्यांनी धुनीत टाकले. ज्वाळा उसळल्या. त्या उजेडात दिगंबर उभे राहून, आपण हिंदू की मुसलमान हे आता तरी नीट पाहून घ्यावे, असे त्यांनी जमलेल्यांस रागाने बजावले. कोणाची जवळ जाण्याची छाती होईना. अखेर भागोजी शिंदे धीर करून पुढे झाले, लंगोट नेसविला आणि सीमोल्लंघनाच्या दिवशी हे काय, म्हणून विनविले. तेव्हा हातातील सटका जमिनीवर आपटून, हेच आपले सीमोल्लंघन, असे बाबा म्हणाले. रात्री उशिरा ते शांत झाले आणि चावडीची मिरवणूक निघाली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१८ च्या विजयादशमीस, त्यांनी देहाचीही सीमा ओलांडली. त्याआधी काही दिवस उशाची वीट हातून पडून भंगली होती. अखेरच्या क्षणी लक्ष्मीबाई शिंदे यांना त्यांनी नऊ नाणी दिली. परंतु देह शांत होताच जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. मोकळ्या जागेत दफन करावे, असे मुसलमान भक्तांचे म्हणणे. बुट्टींच्या वाड्यात समाधी द्यावी, असा हिंदू भक्तांचा आग्रह. चर्चा दुसऱ्या दिवसापर्यंत लांबली. कोपरगावचे मामलेदार आले, सह्या घेतल्या गेल्या, आणि बहुमताने वाडा ठरला. मुरलीधराच्या मूर्तीसाठी बांधलेल्या त्या वाड्यात बुधवारी सायंकाळी बाबांची समाधी झाली. आज तेथे हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती सारेच माथा टेकतात.

शोध घ्यावा, सीमा घालू नये

तर मग अज्ञात वर्षांचा शोध घेऊच नये काय? असे आमचे म्हणणे नाही. अभ्यासकांनी जुनी दप्तरे चाळावीत, तर्क मांडावेत, चुकले तर खोडावेत. सत्याचा शोध ही देखील एक उपासनाच. उद्या पाथरीचा निर्विवाद पुरावा मिळाला तर आम्ही चुडावेकर आनंदाने पेढे वाटू. मात्र त्या दिवशीही बाबा ब्राह्मणाघरचे ठरले म्हणून अधिक पूज्य होणार नाहीत. आणि याउलट काही सिद्ध झाले, तर तसूभरही कमी होणार नाहीत. ज्या उदीने आपल्या लेकरांच्या कपाळी धीर दिला, तिने कधी बाबांचे कूळ विचारले नव्हते.

आज सायंकाळी आपण वेस ओलांडू, सोने लुटू. आपले गाव, आपली जात, आपला जिल्हा या वेशी पायांनी ओलांडणे सोपे. मनाने ओलांडणे कठीण. धुनीत स्वतःची वस्त्रे टाकून बाबांनी जे सीमोल्लंघन दाखविले, त्यातले एखादे पाऊल आपणांस टाकता आले, तर आजचा सण सार्थकी लागला असे समजावे. आपट्याच्या पानाबरोबर त्यांनी सांगितलेले ते दोन पैसेही आपण एकमेकांच्या हाती ठेवू या : एक निष्ठेचा, एक सबुरीचा.